अंग पाहून कपडा बेतावा

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवले आहे. खर्चाच्या बाबतीत हा उपदेश सोळा आणे खरा. परंतु कोणी तो अंगावरच्या वस्त्राला लावू लागेल, आणि कपडा एवढाच आहे तेव्हा बाईने आपले अंगच आखडून घ्यावे असे म्हणू लागेल, तर त्या उपदेशाचा अन्याय होतो. हा अन्याय निमूटपणे सोसणाऱ्या भगिनी आपल्या गावांतून पुष्कळ आहेत. त्या अंगाने भरलेल्या आहेत, एवढाच त्यांचा अपराध. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्या मंडळींसाठीही, आम्ही आज हे चार शब्द लिहीत आहोत.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या वाड्यातल्या एक मावशी भाचीच्या लग्नासाठी कपडे घ्यावयास शहरात निघाल्या आणि सोबतीला आम्हांस घेऊन गेल्या. मावशींनी पन्नाशी ओलांडलेली, चार बाळंतपणे झालेली, बांधा स्थूल. गुडघे दुखत असल्यामुळे साडी सावरीत बसमध्ये चढणे-उतरणे त्यांस जड जाई, म्हणून या वेळी सैलसा कुर्ता आणि सलवार घ्यावी असा त्यांचा विचार होता. एका मोठ्या दुकानात गेलो. तेथील मुलीने मावशींकडे एकवार पाहिले आणि जागेवरून न हलता ती म्हणाली, "आंटी, तुमच्या मापाचं इथं काही मिळणार नाही." मुलगी उद्धट नव्हती, खरे तेच ती बोलली. दुसऱ्या दुकानात एक कुर्ता मिळाला, तो छातीवर बसेना. त्याहून मोठा काढून दाखविला, तर त्याचे खांदे दंडावर उतरले आणि बाह्या बोटांपर्यंत आल्या. परतीच्या वाटेवर मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला, "गुडघे फार धरलेत, मी काही येत नाही." गुडघे धरले होते हे खरेच, परंतु खरे दुखणे कोठे होते ते आम्ही पाहिले होते. भाचीने मिस्सेच्या वेळी तीनदा मागे वळून पाहिले, असे पुढे मावशींच्या कानावर आले. तेव्हा मात्र त्यांना रडू आवरले नाही.

यावर कोणी सुज्ञ म्हणेल, "बाईने वजन उतरवावे, म्हणजे प्रश्नच मिटला." वजनाचा विचार बाईने आपल्या डॉक्टरांशी करावा, तो त्यांचा प्रांत आहे. परंतु वजन उतरावयाचे तेव्हा उतरेल. कपडा आज हवा आहे. बारीक होईपर्यंत माणसाने लग्नकार्यास, बारशास, बाजारास जाऊ नये असा नियम कोणत्याही शास्त्रात नाही.

आता थोडे मागे वळून पाहू. आपल्या आज्या-पणज्यांना ही अडचण कधी का आली नाही? कारण लुगड्याला माप नसते. लग्नात नेसलेले नऊवारी बाळंतपणातही चालत असे आणि म्हातारपणीही चालत असे. अंग वाढले तर निऱ्या कमी होत, एवढेच. चोळी तेवढी मापाची, आणि ती घरी बेतलेली किंवा गावच्या शिंप्याने अंगाला फीत लावून शिवलेली असे. पुढे तयार कपडे आले. दुकानदाराला हजारो कपडे एकदम शिवावयाचे असल्यामुळे त्याने माणसांना क्रमांक दिले, आणि जी बाई क्रमांकात बसली नाही ती जणू जगातच नाही असे ठरले.

हे क्रमांक काही दगडावर कोरलेले नाहीत. अमेरिकेत १९३९-४० साली तेथील कृषिखात्याने सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली, त्यांतही कृष्णवर्णीय स्त्रियांची मापे हिशेबात धरली नाहीत, आणि त्या आकड्यांच्या आधारे १९५८ साली स्त्रियांच्या कपड्यांची प्रमाण मापे ठरविण्यात आली. ती तेथील बायकांनाच नीट बसेनात, म्हणून १९८३ साली मागे घेण्यात आली. आपल्याकडच्या दुकानांतील मापेही बहुतांशी अशीच परदेशांतून उसनी आलेली. भारतीय अंगाची स्वतंत्र मापे हवीत, हे ओळखून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतील २५,००० व्यक्तींची मापे यंत्राने घेण्याचे काम अलीकडच्या काळात हाती घेतले. तेव्हा भगिनींनो, दुकानातला कुर्ता बसला नाही तर मान खाली घालण्याचे कारण नाही. तो कपडा तुमच्यासाठी कोणी बेतलेलाच नव्हता.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका गरीब शिवणकरणीने ओळखली होती. लीना हिमेलस्टीन ही लिथुएनियातून न्यूयॉर्कला आलेली ज्यू मुलगी. लग्नानंतर थोड्याच काळात तिचा पती, डेव्हिड ब्रायंट, क्षयाने वारला आणि पदरी तान्हे मूल राहिले. नवऱ्याने दिलेली हिऱ्यांची कर्णफुले गहाण टाकून तिने शिवणयंत्र घेतले. पुढे तिच्या दुकानाचे नाव 'लेन ब्रायंट' असे पडले, तेही बँकेच्या कागदावर 'लीना' लिहिताना झालेल्या चुकीमुळे, असे सांगतात. प्रथम ती गरोदर स्त्रियांचे कपडे शिवी. मग स्थूल स्त्रियांची कुचंबणा तिच्या ध्यानी आली. तिचा दुसरा पती अल्बर्ट माल्सिन हा इंजिनिअर होता. त्या दोघांनी दुकानातल्या सुमारे ४,५०० गिऱ्हाइकांची मापे घेतली, विमा कंपनीकडून आणखी सुमारे २,००,००० स्त्रियांच्या मापांची माहिती मिळविली, आणि स्थूल बांधा हा एकच नसून त्याचे निरनिराळे प्रकार आहेत असे दाखवून दिले. कोणी पोटाशी भरलेली, कोणी छातीशी, कोणी कंबरेखाली. सगळ्यांना एकच मोठे पोते शिवून भागत नाही.

आमच्या मते या सबंध विषयाचे मर्म एका वाक्यात सांगता येईल: घेर वाढतो, हाड वाढत नाही. बाई कितीही भरली तरी तिचा खांदा, मान आणि हाताची लांबी जवळजवळ पूर्वीइतकीच राहते. कारखान्यात मात्र लहान नमुना सगळ्या बाजूंनी सारखा फुगवून मोठे माप काढतात. म्हणून मावशींना छातीला बसणारा कुर्ता खांद्यावरून घसरला. घरी शिवणाऱ्या बाईला हा धागा सापडला, की अर्धे काम झालेच म्हणावयाचे.

प्रथम मापे घ्यावीत, आणि ती एकटीने घेऊ नयेत. मुलीची, सुनेची किंवा शेजारणीची मदत घ्यावी. फीत ताणून धरू नये आणि श्वास आत ओढू नये. आकडा कोणाला दाखवावयाचा नसतो, तो कातरीला सांगावयाचा असतो. तेथे खोटे बोलल्यास कापड वाया जाते. छातीची मापे दोन घ्यावीत: एक काखेच्या लगेच खाली, उरोजांच्या वरून, दुसरे भरीव भागावरून. त्याखेरीज कंबर, पोट, नितंब, दंड, खांदा, मुंढा, बाहीची लांबी आणि पूर्ण उंची. नितंबांचे माप उभ्याने घेऊन पुन्हा बसून घ्यावे, कारण बसल्यावर घेर वाढतो आणि बाकावर बसताच शिवण उसवते ती येथेच.

मावशींचे वरचे माप ४० इंच आणि भरीव माप ४६ इंच निघाले. कागदी नमुने बहुधा या दोन मापांत दोन इंचांचा फरक धरून काढलेले असतात. तेव्हा मावशींनी नमुना घ्यावयाचा तो वरच्या ४० इंचांवरून, म्हणजे भरीव माप ४२ धरलेला. त्याचा गळा आणि खांदा त्यांस ठीक बसतो. राहिले चार इंच. ते पाठीत न घालता पुढच्या दोन अर्ध्या भागांत दोन-दोन इंच घालावेत. त्याची रीत अशी: पुढच्या अर्ध्या भागाच्या कागदावर खालच्या कडेपासून छातीच्या टोकापर्यंत उभी रेघ ओढावी आणि तेथून मुंढ्याच्या मध्याकडे तिरपी न्यावी. या रेघेवर कातरी चालवावी, पण मुंढ्याच्या कडेशी कागद किंचित जोडलेला ठेवावा. दुसरी चीर बगलेच्या शिलाईपासून त्याच टोकाशी येईल अशी द्यावी. आता बाहेरचा भाग दोन इंच बाजूला सरकवावा. बगलेशी आपोआप जी फट उघडते तिचा टक्स घालावा. असे केल्याने पुढच्या भागाची लांबीही वाढते, आणि स्थूल बाईचा कपडा पुढून वर उचलला जाऊन जो बेढब दिसतो तो दिसेनासा होतो. नमुना प्रथम मांजरपाटावर किंवा जुन्या चादरीवर बेतून, धावदोरा घालून अंगावर चढवून पाहावा.

ही शेवटची सूचना मावशींनी मानली नाही, आणि आम्हीही आग्रह धरला नाही, हे आम्ही येथे कबूल करतो. हातात चांगली सुती साडी होती आणि उत्साह दांडगा होता. दंडाचे माप १७ इंच आले, तेव्हा त्यांनी बाहीही नेमकी १७ इंच बेतली. कपडा अंगात गेला, पण हात वर उचलता येईना. "देवाला हात जोडता येत नाहीत, असला कपडा कशाला?" असे म्हणून त्यांनी तो काढून कोपऱ्यात टाकला. चूक उघड होती. ज्या कापडाला ताण नाही त्यात हालचालीची मोकळीक लागते. दंडाला दोन इंच आणि छातीला तीन-चार इंच तरी ठेवावेच लागतात. दोन दिवसांनी राग निवळला. मग आम्ही काखेत चौकोनी तुकडा तिरपा बसविला. आपल्या जुन्या बंड्या-अंगरख्यांना काखेत असाच तुकडा लावीत असत, त्याचे कारण त्या दिवशी नीट समजले.

आता कापडाविषयी. मोठ्या मापाला कापड पुष्कळ लागते आणि नवे कापड महाग, ही खरी अडचण. जुन्या बाजारात मोठ्या मापाचे जुने कपडेही सहसा मिळत नाहीत. म्हणून आमचा सल्ला असा, की जुना कपडा घेताना त्याचे माप पाहू नये, त्यातले कापड पाहावे. या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक घरच्या ट्रंकेत खजिना आहे. सहावारी साडी म्हणजे सुमारे साडेपाच मीटर कापड, नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपास. डबल पलंगाची चादर अडीच मीटर लांब असते. यजमानांचे दोन जुने शर्ट एकत्र केल्यास एका बाईचा प्रशस्त झगा होतो; फक्त शर्टाची बाही उसवून, रुंद खांदा आत कापून, ती पुन्हा बसवावी लागते.

आपण मात्र काय करतो? दारावर बोहारीण येते आणि दोन चांगल्या सुती साड्यांवर आपण एक स्टीलचे पातेले घेतो. गुजरातेत हा व्यवसाय देवीपूजक समाजाच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. त्यांना जुन्या कापडाची किंमत पक्की ठाऊक असते, म्हणून तर त्या उन्हातान्हातून डोक्यावर गाठोडे घेऊन फिरतात. त्यांच्या पोटावर पाय यावा असे आमचे म्हणणे नाही. फाटके-विटके जरूर द्यावे. परंतु धड कापड देण्यापूर्वी त्यातून आपला एक झगा निघतो का, हे एकदा पाहावे.

जुने कापड पारखावयाचे कसे? उजेडाकडे धरावे, जेथे प्रकाश जाळीसारखा दिसेल तेथे ते झिजलेले समजावे. मग दोन्ही हातांनी उभे आणि आडवे ओढावे. कुरकुर आवाज करून धागा सुटला तर ते बाजूला ठेवावे. रेशमी साडी घडीवर विरते, तेव्हा घड्या विशेष तपासाव्यात. काखेचा, कोपराचा आणि बैठकीचा भाग टाकून द्यावा. बेतण्यापूर्वी कापड धुऊन वाळवून घ्यावे.

साडीतून झगा काढण्याची एक युक्ती स्थूल बांध्याला फार सोयीची आहे. साडीचा पन्हा ४४-४५ इंच असतो, आणि कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची त्यात सहज बसते. म्हणून खालच्या भागासाठी साडी आडवी घ्यावी: पन्हा झाला उंची, आणि साडीची लांबी झाला घेर. हवा तेवढा घेर विनाजोड मिळतो आणि साडीचे काठ झग्याचे काठ होतात. दुमड घालावी लागत नाही. अडीच-तीन मीटर घेर चुण्या घालून कंबरेशी जोडावा. उरलेल्या भागातून अंग आणि बाह्या निघतात. साडी विरळ असेल तर जुन्या धोतराचे अस्तर लावावे. आतल्या शिलाईत दीड इंच कापड राखून ठेवावे, म्हणजे पुढे अंग कमी-जास्त झाले तरी कपडा टाकावा लागत नाही.

आणि जो कुर्ता घरात आहे पण बसत नाही, त्याचे काय? त्याच्या दोन्ही बाजू बाहीच्या टोकापासून खालच्या घेरापर्यंत उसवाव्यात आणि दोहोंकडे एकसलग पट्टी घालावी. चार इंच वाढवावयाचे असल्यास प्रत्येक बाजूस दोन इंच दिसले पाहिजेत. दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच शिलाईत जातो, म्हणून पट्टी तीन इंच रुंद कापावी. दंड आणि अंग दोन्ही एकदमच मोकळे होतात. पट्टी वेगळ्या रंगाची असली तरी बिघडत नाही. सलवारीच्या किंवा ओढणीच्या रंगाची घेतली तर ती मुद्दाम घातल्यासारखी शोभते.

साडी नेसणाऱ्या भगिनींस एक गोष्ट कळकळीने सांगावयाची आहे. परकराची नाडी कंबरेत रुतते, तेथे काळा वळ पडतो, कातडी सोलते, आणि 'सवय झाली' म्हणून आपण दुर्लक्ष करतो. २०२४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या वस्त्राच्या जागी त्यांना बरी न होणारी जखम झाली आणि तेथे कातडीचा कर्करोग आढळला. महाराष्ट्र आणि बिहार येथील डॉक्टरांनी ही माहिती दिली होती. अशी उदाहरणे फार थोडी आहेत. घाबरण्याचे कारण नाही. परंतु कंबरेवरची जखम काही आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरांना अवश्य दाखवावी. भरलेल्या अंगात नाडी अधिक खोल रुतते. म्हणून परकराला नाडीऐवजी चार इंच रुंद दुहेरी पट्टा लावावा आणि बाजूला दोन-तीन हूक बसवावेत. भार रुंद जागेवर पसरतो. जुन्या चादरीतून असे दोन परकर एका दुपारी होतात. शिवणकामास आरंभ करावयाचा तर येथूनच करावा. चूक झाली तरी ती कोणास दिसत नाही.

यंत्र नवे हवे असे नाही. पायाने चालणारी जुनी यंत्रे कित्येक घरांत धूळ खात पडली आहेत. धूळ झाडून, तेल देऊन, सुई नवी घालावी. साध्या सुती कापडास १४ नंबरची आणि पातळ कापडास ११ नंबरची सुई चालते. बोथट सुई जुने कापड फाडते, आणि दोष कापडाला लागतो.

जुन्यातून शिवलेल्या कपड्याची लाज वाटते, असे काही तरुण मुली म्हणतात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांचे रेशनिंग होते, आणि १९४३ साली तेथील सरकारनेच जुन्यातून नवे कसे शिवावे याची पुस्तिका काढली होती. इतके दूर तरी कशाला जावे? आपल्या सीमाभागाला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया, ज्यांत आपल्या ख्रिस्ती भगिनीही आहेत, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून 'कवंद' नावाच्या गोधड्या शिवतात. त्यांच्या कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले लावतात. फुलांवाचून गोधडी उघडी राहिली असे त्या मानतात. ज्यांच्या हाताला चिंधीचाही मान राखता येतो, त्यांनी लाजावे कशासाठी?

पवित्र शास्त्रात यापो नगरीच्या टबीथेची कथा आहे. ती वारली तेव्हा विधवा स्त्रिया पेत्राभोवती उभ्या राहून, तिने जिवंतपणी शिवून दिलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला रडत रडत दाखवू लागल्या. त्या विधवांना बाजारातून कोणी काही आणून दिले नसते. टबीथेने त्यांच्यासाठी शिवले. वस्त्र देणे म्हणजे 'तू आमच्यात ये' असे म्हणणे होय, हे त्या कथेतून आम्हांस दिसते.

आमच्या मावशींची हकीकत मात्र अर्धी राहिली. गेल्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेला त्या आल्या. अंगावर निळ्या काठांचा झगा होता. तो त्यांच्या आईच्या साडीचा होता, आणि काखेतला तुकडा किंचित वेगळ्या निळ्या रंगाचा होता हे आम्हांशिवाय कोणाच्या लक्षात आले नसावे. मिस्सा झाल्यावर भाचीने येऊन त्यांना मिठी मारली आणि विचारले, "मावशी, हा कुठून घेतला?" मावशी म्हणाल्या, "घेतला नाही गं, होताच घरात." आता त्यांच्या ओटीवर खिळ्याला फीत टांगलेली असते आणि शनिवारी दुपारी शेजारच्या तिघी-चौघी आपापल्या जुन्या साड्या घेऊन तेथे जमतात. आपल्या धर्मग्रामांतही असे एखादे घर असावे, असे आम्हांस मनापासून वाटते. जिच्याकडे यंत्र आहे तिने दार उघडावे, आणि जिला कपडा बसत नाही तिने संकोच न धरता आत जावे.